सर्पगंधा : एका मुळीची परीक्षा आणि जीवशास्त्राची रीत

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या चिरंजीवांनी हाताला धरून आमच्या चिकित्सालयात आणले. चेहरा भावशून्य, चाल मंद, पावले घासत टाकलेली, उजव्या हाताला बारीक कंप आणि बोलणे अगदी हळू. पाहताक्षणीच आमच्या मनात 'कंपवात' हे निदान उभे राहिले व कपिकच्छूचा योग लिहावयास आम्ही लेखणीही उचलली. तेवढ्यात, सवयीने, चालू असलेली औषधे दाखवण्यास सांगितले. चिरंजीवांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तीत दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या होत्या आणि दोन्हींचे प्रमुख घटकद्रव्य सर्पगंधा होते. एक झोपेसाठी, दुसरी रक्तदाबासाठी. दोन्ही कित्येक महिने नित्यनेमाने चालू होत्या. पहिली गोळी कोणी सुरू केली, असे विचारता त्यांनी खिशातून एक जीर्ण चिठ्ठी काढून पुढे ठेवली. ती आमच्याच अक्षरातील होती.

पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ती चिठ्ठी औषधी दुकानात पुन्हा पुन्हा दाखवली गेली होती. दोष दुकानदाराचा, रुग्णाचा की आमचा, हा वाद येथे घालावयाचा नाही. चिठ्ठीवर मुदत ठळकपणे लिहिलेली नव्हती आणि पंधरा दिवसांनी रुग्ण का आला नाही, याची आम्ही चौकशीही केली नव्हती. त्या दिवसापासून मात्र एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला : ही मुळी शरीरात नेमके काय करते, हे कोणाला, कसे आणि किती खात्रीने कळले? त्याचे उत्तर शोधताना आधुनिक जीवशास्त्राच्या मूलभूत संकल्पना व त्या शास्त्राची शोधाची रीत या दोहोंची जणू उजळणीच घडली. व्यवसायबंधूंना व औषधालयचालकांना ती उपयुक्त वाटेल, या विश्वासाने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

निरीक्षण : आरंभ लोकव्यवहारातून

सर्पगंधा ही करवीर, सप्तपर्ण यांच्याच कुळातील, म्हणजे अपोसायनेसी कुळातील लहान क्षुपवर्गीय वनस्पती. तिच्या 'रावोल्फिया' या शास्त्रीय प्रजातिनामात सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनार्ड रावोल्फ यांचे नाव गुंफलेले आहे. आपल्या ग्रंथांत हिचा संबंध मुख्यतः विषप्रकरणाशी येतो. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती चघळते, अशी लोककथाही प्रसिद्ध आहे. बिहारात हिची मुळी 'पागल की दवा' या नावाने विकली जाई आणि उन्माद शमवण्यासाठी तसेच झोप आणण्यासाठी वापरली जाई.

रानात वावरणाऱ्या गुराख्यांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, परंतु त्यांचा योग जाणणारा विरळा, अशा आशयाचे विवेचन चरकसंहितेच्या आरंभीच येते. शास्त्रीय संशोधनाची पहिली पायरीही हीच आहे. लोकव्यवहारातील माहिती शास्त्रज्ञ टाकून देत नाही, तशीच ती सिद्धान्त म्हणून स्वीकारतही नाही. तो तिला प्रश्नाचे रूप देतो. मुंगसाची कथा आणि उन्मादावरील उपयोग, या दोन्ही गोष्टी ऐकीवच. पण दुसरी गोष्ट तपासता येण्याजोगी आहे : मुळी द्यावी, न द्यावी, आणि फरक पडतो का ते पाहावे. ज्या विधानाची परीक्षा घेता येते व जे परीक्षेत खोटेही ठरू शकते, त्यालाच शास्त्रज्ञ 'गृहीतक' म्हणतात. खोटे ठरण्याचा धोका न पत्करणारे विधान कितीही सुंदर असले, तरी शास्त्राच्या कामाचे नसते.

पृथक्करण : टाकून दिलेल्या भागाची गोष्ट

१९३१ हे वर्ष सर्पगंधेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी मुळीतून अनेक स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकास त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांत सर्पगंधेचा उपयोग होतो, असे लेखाद्वारे मांडले. गणनाथ सेन हे आपल्याच परंपरेतील कविराज होते, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. पुढे १९३३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो व शामक परिणाम होतो, हे दाखवले.

येथे एक कोडे निर्माण झाले. सिद्दिकींनी वेगळी केलेली प्रमुख अल्कलॉइडे दिली असता मुळीचा शामक गुण पुरेसा दिसेना. उलट, अल्कलॉइडे काढून घेतल्यावर उरलेल्या राळयुक्त भागातच तो गुण आढळू लागला. ज्या भागाकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष नव्हते, तेथेच मर्म दडलेले होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर व बाईन यांनी या राळेतून एक दुर्बल क्षारधर्मी अल्कलॉइड वेगळे केले. तेच 'रेसर्पिन'. १९५६ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डचे रॉबर्ट वूडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णतः कृत्रिमरीत्या घडवून दाखवले.

या प्रवासातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, 'कार्यकारी घटक' शोधताना प्रत्येक पायरीवर त्या भागाचा गुण प्राण्यावर तपासून पाहावा लागतो. केवळ सुंदर स्फटिक मिळाला म्हणून तोच कार्यकारी, असे मानता येत नाही. दुसरा बोध आपल्यासाठी आहे. मुळीत एकटे रेसर्पिन नसते. अजमलिन हृदयाच्या गतीवर परिणाम करते आणि आजही हृदयाच्या एका विशिष्ट आनुवंशिक विकाराच्या निदानासाठी शिरेवाटे दिले जाते. म्हणून 'रेसर्पिन म्हणजेच सर्पगंधा' हे विधान अपुरे आहे. मात्र 'संपूर्ण मुळी घेतली की रेसर्पिनचे दोष आपोआप नाहीसे होतात' हे विधानही तपासल्यावाचून स्वीकारता येणार नाही. मुळीत रेसर्पिन आहे, तोवर त्याचा परिणामही आहेच.

मापन व तुलना : मुंबईतील पन्नास रुग्ण

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील हे सुमारे दहा वर्षे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत सर्पगंधेचा वापर करीत होते. त्यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी स्वतःच्या रुग्णांवर तेच औषध वापरून पाहिले व परिणामास दुजोरा दिला. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

डॉ. वकिलांनी वेगळे काय केले? मुळी नवी नव्हती, उपयोगही नवा नव्हता. त्यांनी आपल्या अनुभवास मापनाची जोड दिली आणि तो दुसऱ्याने पडताळून पाहावा अशा रीतीने जगापुढे मांडला. शास्त्रात एकाचे प्रत्यक्ष पुरेसे नसते. तेच प्रत्यक्ष दुसऱ्या नगरातील, दुसऱ्या स्वभावाच्या, कदाचित शंकेखोर माणसालाही घडावे लागते.

तरीही त्या कार्यास काळाच्या मर्यादा होत्या. रक्तदाब स्थिर नसतो. चिकित्सालयात प्रथमच आलेल्या घाबरलेल्या रुग्णाचा आकडा चढलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, औषध दिले नाही तरी, तो बहुधा थोडा उतरतो. शिवाय आकडा सर्वाधिक चढलेला असतानाच रुग्ण आपल्याकडे येतो, त्यामुळे पुढचा आकडा कमी येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून 'औषध दिल्यानंतर उतरला' यावरून 'औषधामुळे उतरला' हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनागट हवा. कोणी कोणत्या गटात जावे, हे वैद्याने आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरावे. तुलनागटास तशीच दिसणारी, औषधविरहित गोळी म्हणजे 'प्लासिबो' द्यावा आणि कोणास काय मिळाले, हे रुग्णास व तपासणाऱ्यास दोघांसही ठाऊक नसावे. ब्रिटनमधील क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ही अशा चिठ्ठीवजा विभागणीचा आरंभीचा प्रसिद्ध आदर्श होय. अर्थात डॉ. वकील आपले रुग्ण तपासत होते, तेव्हा ही रीत नुकतीच रुजत होती.

सर्पगंधेच्या वाट्यास अशी कसोटीही पुढे आली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या व १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचा समावेश होता. एका गटास मूत्रल औषध, रेसर्पिन व हायड्रॅलझिन असे तीन औषधांचे मिश्रण आणि दुसऱ्यास प्लासिबो देण्यात आला. गंभीर उपद्रव प्लासिबो गटात २७ तर औषध गटात केवळ २ झाले. रक्तदाब उतरवल्याने पक्षाघातादी उपद्रव टळतात, हे या चाचणीने ठामपणे दाखवले. परंतु येथेही सावधपणे वाचावयास हवे. श्रेय तीन औषधांच्या मिश्रणाचे आहे, एकट्या रेसर्पिनचे नाही. एखाद्या पत्रकावर या चाचणीच्या आधारे 'सर्पगंधा सिद्ध' असे छापले गेले, तर ते अर्धसत्य ठरेल.

कार्यपद्धती : पेशी, पुटिका आणि निरोप

आता 'कसे' या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी जीवशास्त्रातील काही मूलभूत कल्पना लक्षात घ्याव्या लागतात.

प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो. पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते व त्यात प्रथिनांची दारे असतात. कोणता पदार्थ आत घ्यावयाचा व कोणता बाहेर सोडावयाचा, हे ही दारे ठरवतात. चेतापेशी म्हणजे निरोप वाहणारी पेशी. तिच्या लांब तंतूमधून निरोप विद्युत्‌रूपाने धावतो. परंतु दोन चेतापेशींच्या मध्ये सूक्ष्म फट असते आणि ती बहुतेक ठिकाणी रासायनिक दूतांकरवी ओलांडली जाते. नॉरॲड्रिनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही अशा दूतांची नावे. हे दूत तंतूच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे पुटिकांत, साठवलेले असतात. निरोप येताच पुटिका फुटीच्या तोंडाशी येऊन रिकाम्या होतात, दूत पलीकडच्या पेशीवरील ग्राहकास चिकटतो आणि काम झाल्यावर त्यातील बराच भाग परत आत ओढून पुन्हा पुटिकेत भरला जातो.

पुटिकेत दूत भरण्याचे काम एक वाहक प्रथिन करते. रेसर्पिन नेमके या वाहक प्रथिनास घट्ट चिकटून ते बंद पाडते. पुटिकेत न शिरलेला दूत पेशीद्रवात उघडा पडतो आणि तेथील विकरे त्याचा नाश करतात. हळूहळू कोठार रिते होते. रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंमध्ये नॉरॲड्रिनलिन उरत नाही, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंद होते व रक्तदाब उतरतो. मेंदूतील साठे रिते झाले की शामक परिणाम दिसतो. अलीकडच्या वर्षांत क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या वाहक प्रथिनाची अणुपातळीवरील रचना उलगडली असून रेसर्पिन त्यात कोठे अडकते, हेही दिसले आहे.

या एका कल्पनेने व्यवहारातील अनेक निरीक्षणांचा उलगडा होतो. परिणाम पहिल्याच दिवशी पूर्ण का दिसत नाही? कारण कोठार रिते होण्यास अवधी लागतो. औषध बंद केल्यावरही परिणाम दिवसेंदिवस का टिकतो? कारण ही बांधणी सहसा सुटत नाही. पेशीला नव्या पुटिका घडवाव्या लागतात. नाक चोंदणे, आम्लता वाढणे, नाडी मंदावणे ही लक्षणे एकत्र का येतात? कारण अनुकंपी संस्था दुबळी झाल्याने तिची विरोधी संस्था वरचढ ठरते. उत्तम उपपत्तीची खूण हीच की, जी निरीक्षणे समोर ठेवून ती रचलेली नव्हती, त्यांचेही स्पष्टीकरण ती देते.

लुंड येथील ससे आणि आपल्या औषधालयातील कपिकच्छू

सर्पगंधेने जीवशास्त्रास दिलेली सर्वांत मोठी देणगी रक्तदाबाच्या क्षेत्रातील नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन घटते, असे आढळले. मग शामक परिणामाचे कारण सेरोटोनिनची घटच असावी, असे अनेकांस वाटले. ब्रोडींकडे काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी हे गृहीतक कसोटीस लावले. रेसर्पिन दिलेले ससे निश्चल पडून राहत, कान खाली लोंबत. कार्लसन यांचा युक्तिवाद सरळ होता. ज्या दूताच्या अभावामुळे ससा निश्चल झाला, त्याचे पूर्वद्रव्य दिले तर तो हालचाल करू लागला पाहिजे. सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दिले असता ससे उठले नाहीत. 'डोपा' हे द्रव्य टोचले असता मात्र थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. १९५७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

डोपापासून शरीर प्रथम डोपामिन व त्यापासून नॉरॲड्रिनलिन घडवते. उठलेल्या सशांच्या मेंदूची तपासणी करता डोपामिन भरून आलेले दिसले, नॉरॲड्रिनलिन नव्हे. तोवर डोपामिन ही केवळ वाटेवरची एक पायरी समजली जाई. ते स्वतःच एक दूत आहे आणि हालचालीवर त्याचे नियंत्रण आहे, हे येथून स्पष्ट होत गेले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन रोगाने दिवंगत झालेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तीव्र घट दाखवली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियस यांनी मोठ्या मात्रेत डोपा तोंडावाटे देऊन उल्लेखनीय सुधारणा नोंदवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला. डोपामिनच न देता डोपा का द्यावयाचे, याचेही उत्तर जीवशास्त्रातच आहे. रक्त व मेंदू यांच्यामधील आवरण डोपामिनला आत शिरू देत नाही, डोपाला मात्र देते.

आता आपल्या औषधालयाकडे पाहू. हेच लेव्हो-डोपा १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून वेगळे केले होते आणि १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते कपिकच्छूच्या बियांत असल्याचे दाखवले होते. म्हणजे सर्पगंधेची बरणी डोपामिनचे कोठार रिते करते व कपिकच्छूची बरणी त्यात भर घालते, आणि या दोन्ही बरण्या आपल्या फळीवर शेजारीशेजारी उभ्या असतात. २००४ मध्ये लंडन येथे पार्किन्सनच्या आठ रुग्णांवर दुहेरी अंध पद्धतीने घेतलेल्या चाचणीत ३० ग्रॅम कपिकच्छूचूर्णाचा परिणाम प्रचलित डोपा-गोळीपेक्षा लवकर सुरू झाल्याचे दिसले. आशादायक गोष्ट आहे. पण रुग्ण आठच होते, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

चूक आणि दुरुस्ती

शास्त्र चुकत नाही, असा आमचा दावा नाही. ते चुकते, परंतु आपली चूक शोधण्याची सोय स्वतःतच ठेवते. सर्पगंधेच्याच इतिहासातील दोन उदाहरणे पाहा.

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता आल्याचे १९५० च्या दशकात नोंदवले गेले. त्यावरून मेंदूतील दूतांची घट म्हणजेच खिन्नता, ही उपपत्ती बळावली. परंतु लंडन येथे डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर घेतलेल्या व १९५५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत रेसर्पिनने उलट लाभ झाल्याचे दिसले. हा लेख दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. आज खिन्नतेची कारणमीमांसा इतकी सोपी मानली जात नाही. तथापि खिन्नतेचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास हे औषध न देण्याचा सावधपणा कायम आहे आणि तो योग्यच आहे. पुरावा अपुरा असताना रुग्णाच्या सुरक्षिततेच्या बाजूने झुकणे, हा वैद्याचा धर्म होय.

दुसरे उदाहरण १९७४ मधील आहे. 'लॅन्सेट' या नियतकालिकात एकाच वर्षी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले व सर्पगंधाजन्य औषधे घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, असे त्यांत म्हटले होते. एकच खळबळ उडाली. पुढील अनेक अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. चूक कोठे झाली? कर्करोगाच्या रुग्णांची तुलना ज्या स्त्रियांशी केली, त्या गटातून हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांना आधीच वगळण्यात आले होते. ज्यांना रक्तदाब असण्याची शक्यता, त्याच वगळल्या. मग त्या गटात रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या कमीच सापडणार! या वगळण्यामुळे निष्कर्ष कसा बदलतो, हे १९८५ मध्ये दाखवून देण्यात आले. औषधाविषयीचा भ्रम तुलनागटाच्या निवडीतून जन्मला होता. चांगल्या निष्कर्षांची जशी कसून छाननी करावी, तशीच वाईट निष्कर्षांचीही करावी लागते.

आमचा रुग्ण आणि आमची नोंदवही

आरंभी उल्लेखिलेल्या गुरुजींकडे परत येऊ. वरील माहितीच्या प्रकाशात दोन शक्यता समोर होत्या : खरा कंपवात, किंवा सर्पगंधेच्या दीर्घ व दुप्पट मात्रेने घडवलेले त्याचे सोंग. कपिकच्छू लगेच सुरू केली असती आणि सुधारणा दिसली असती, तर दोहोंतील भेद आम्हांस कधीच कळला नसता. म्हणून प्रथम सर्पगंधेच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, रक्तदाबासाठी परिचित फिजिशियनांच्या सल्ल्याने पर्यायी औषधाची व्यवस्था केली आणि चाल, कंप व नाडी यांची दर आठवड्यास नोंद ठेवली. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. चिरंजीव अस्वस्थ झाले, आम्हीही झालो. तिसऱ्या आठवड्यात पावले उचलली जाऊ लागली. दोन महिन्यांनी गुरुजी स्वतः जिना चढून आले व आम्हांस व्याकरणातील एक चूक दाखवून गेले.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र सुधारणेस लागलेला अवधी कार्यपद्धतीशी जुळणारा होता आणि कारण काढून घेताच कार्य थांबले, एवढे म्हणता येते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर आप्तोपदेशाने शंका सुचली, अनुमानाने दिशा दिली, प्रत्यक्षाने निर्णय केला आणि कोणत्या क्रमाने काय करावे, हे युक्तीने ठरवले. चरकाने सांगितलेली ही चतुर्विध परीक्षा व आधुनिक प्रयोगपद्धती एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. चिठ्ठ्या टाकून गट करणे, मापन करणे व इतरांकडून पडताळणी घेणे ही नंतरच्या काळाची भर आहे. ती विनासंकोच स्वीकारावी.

त्यानंतर आम्ही आमची जुनी नोंदवही काढून बसलो. 'सर्पगंधेने बहुतेकांना उत्तम गुण येतो' असे आम्ही आजवर सभांमधून सांगत आलो होतो. वहीत पाहता गुण आल्याची नोंद पुन्हा आलेल्यांचीच होती. न आलेल्यांपुढे कोरी जागा होती. त्या कोऱ्या जागा आम्ही मनातल्या मनात 'बरा झाला' अशा भरून टाकल्या होत्या. गुरुजींचे नावही अशाच एका कोऱ्या ओळीत होते.

व्यवहारासाठी काही सूचना

चिकित्सकांनी सर्पगंधायुक्त कल्प लिहिताना मुदत अक्षरांत लिहावी व पुनर्भेटीचा दिनांक द्यावा. खिन्नता, आम्लपित्त वा परिणामशूल, मंद नाडी व कंपवात यांची विचारणा प्रथम करावी. रुग्ण अन्य पद्धतीची रक्तदाबाची अथवा मानसविकाराची औषधे घेत असल्यास ती पाहिल्याखेरीज हा कल्प देऊ नये. रक्तदाब प्रत्येक भेटीत, रुग्णास पाच मिनिटे शांत बसवून मोजावा व आकडाच लिहावा, 'ठीक' असे लिहू नये. जे परत आले नाहीत, त्यांची नोंदही 'माहिती नाही' अशीच ठेवावी.

औषधालयचालकांनी एकाच रुग्णास दिल्या जाणाऱ्या निरनिराळ्या नावांच्या कल्पांतील घटकद्रव्ये पडताळून पाहावीत. निराळ्या नावाखाली तीच मुळी दोनदा जाणे सहज घडते. कच्चा माल घेताना ओळख पक्की करावी. अल्कलॉइडे मुख्यतः मुळाच्या सालीत असतात, त्यामुळे साल निघालेली मुळे वा खोडाचे तुकडे मिसळलेला माल गुणाने उणा असतो. सर्पगंधेच्या जागी तिच्याच प्रजातीतील अन्य जाती, उदाहरणार्थ मूळची अमेरिकेतील व आता आपल्याकडे रुजलेली टेट्राफायला, विकल्या जातात. त्यांतील घटकांचे प्रमाण निराळे असल्याने मात्रेचा अंदाज चुकतो. सूक्ष्मदर्शकाने छेद पाहणे व पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करणे, या दोन परीक्षा आग्रहपूर्वक मागाव्यात. अतिरिक्त तोडीमुळे ही वनस्पती १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून लागवडीचा, उगम ठाऊक असलेला मालच घ्यावा.

'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द एखाद्या पत्रकावर वाचावयास मिळाले, तर चार प्रश्न जरूर विचारावेत : कशाशी तुलना केली? किती रुग्णांवर? गट कोणी व कसे पाडले? आणि दुसऱ्या कोणास तोच अनुभव आला का? हे प्रश्न परक्या औषधांना विचारण्याचा हक्क आपणांस तेव्हाच, जेव्हा आपण ते स्वतःच्या औषधांनाही विचारू.

गुरुजींची ती जीर्ण चिठ्ठी आम्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवली आहे. नवी वही घेतली की ती काढून त्या वहीत लावतो. इत्यलम्।